सकाळी न लागणारे ब्रेक

१८ नोव्हेंबर १९५६, रविवार

आज पुन्हा गुप्ते. सकाळी गाडी पुसायला खाली उतरले, तर हा माणूस गॅलरीत दात घासत उभा. तोंडभर फेस आणि त्या फेसातूनच विचारतोय, "काय डॉक्टरबाई, आज शर्यत का?" मग जो थुंकला तो थेट माझ्या चाकाशेजारी. शी! अख्ख्या मुलुंडात एवढी मोकळी जागा पडलीय, आणि याला थुंकायला माझीच गाडी सापडते.

गाडी लढाईच्या आधीची आहे. विलायती स्पोर्ट्स, दोनच सीटा, वर कॅनव्हासचं टप. घाटकोपरला मी ज्यांच्या हाताखाली काम शिकले ते डॉक्टर भरुचा तरुणपणी ती शर्यतीत पळवायचे. मुलाकडे आफ्रिकेला निघाले तेव्हा किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "डिकरी, पेशंटला तू टायमावर पायजे, बस." लोकांना मात्र त्या गाडीत फक्त एक बिनलग्नाची बाई दिसते. मला नाहूर, भांडुप आणि विक्रोळीच्या वसाहतीतली बाळंतपणं दिसतात. पोरं पहाटेच जन्माला यायचं ठरवतात आणि त्या वेळी एक टांगेवाला जागा असेल तर शपथ. ही गाडी गेली तर माझे पहाटेचे पेशंट सुईणींच्या मळक्या हातात गेलेच म्हणून समजा.

म्हणून जीवाला घोर. ब्रेक दाबला की पायाखाली पोकळ लागत होतं. आग्रा रोडवरच्या धाकू मेस्त्रीने सांगितलं, मागच्या चाकापाशी गळत होतं, ते बंद केलंय. आता ब्रेकचं ऑइल नव्याने भरायला हवं. त्याच्याकडचा डबा संपलेला. ऑपेरा हाउसजवळच्या दुकानात मिळेल म्हणाला.

दादा लगेच पुढे झाला. "तू कशाला जातेस? माझं ऑफिस तिकडेच. मीच आणतो, मीच भरतो. त्यात काय एवढं!" जयवंत, माझा सख्खा मोठा भाऊ. या बिल्डिंगमध्ये माझ्या गाडी चालवण्याला नावं न ठेवणारा हा एकच माणूस. त्याच्या घरात राहते म्हणून सांगत नाही, पण भाऊ असावा तर असा.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

दादाने काल अर्धी रजा काढून दुपारी ऑइल भरलं, धाकूला विचारून, बिल्डिंगमधल्या एका पोराला पेडलवर बसवून नळ्यांतली हवाही काढली म्हणे. मी दवाखान्यात होते. संध्याकाळी बघते तर पेडल झकास घट्ट. उरलेलं ऑइल जपून ठेवावं म्हणून डबा मागितला, तर म्हणाला, "उरलं कुठे? डबा दिला टाकून."

घरात मात्र वहिनीची कुरकुर. वेंगुर्ल्याहून आलेलं घाण्याचं खोबरेल ती माका आणि कापूर घालून उकळते, बाटल्या भरून ठेवते. त्यातल्या बाटल्या म्हणे संपल्या. "मेले सगळे आंघोळ करताय की काय त्यात?" दादाने वर्तमानपत्रातून मान वर काढली नाही. माझे केस मानेपर्यंत कापलेले, त्यामुळे माझ्यावर संशय यायचं कारण नाही. घरात एवढ्याशा तेलावरून भांडणं होतात, वीट येतो.

९ डिसेंबर, रविवार

दोनदा अंघोळ केली, डेटॉल ओतून केली, तरी वास जात नाही.

पहाटे विक्रोळीला निघाले होते. थंडी चांगलीच पडलीय, शाल गुंडाळून बसले होते. भांडुपच्या तबेल्यांपाशी वळले तर समोर म्हशी, रस्ताभर पसरलेल्या. ब्रेकवर पाय दिला. पेडल दगड! हलायचं नाव नाही. दोन्ही पायांनी दाबलं, तसं जरासं खाली गेलं, पण गाडी आपली चाललीच आहे. म्हशी मारायच्या की गवळी मारायचा? मी चाक फिरवलं आणि शेणाच्या ढिगात शिरले. ढीग रात्रीचा, ताजा, आणि टप उघडं होतं. तोंडात गेलं हो! 

गवळी धावत आला. मला लागलं का विचारील असं वाटलं, तर म्हणतो कसा, "बाई, सारा गोबर खराब कर दिया." तुझा गोबर खराब झाला! तशीच चालत पेशंटकडे गेले. तिथल्या मालनबाईंनी मला ओसरीवर उभं करून अंगावर घागरी ओतल्या, मग घरात घेतलं. मुलगी झाली, सुखरूप.

गाडी मी दुपारी परत आणली तेव्हा ब्रेक व्यवस्थित लागत होते! म्हणजे आता मी खोटारडी सुद्धा.

११ डिसेंबर, मंगळवार

भर दुपारी धाकूकडे गाडी नेली. त्याने चालवून बघितली, खाली शिरून बघितली, चाकं काढून बघितली. मग हात पुसत म्हणतो, "ब्रेकाक काय झाला नाय, बाय. बाईमाणसाचो पाय हलको पडता." माझा पाय हलका! याच पायांवर उभी राहून मी आडवी मुलं सरळ करते. हातातल्या काळ्या बोळ्याने पेडल पुसलं आणि तोच बोळा त्याने तोंडावरून फिरवला. मला किळस आली, रागही आला.

घरी जिन्यात गुप्ते. "शेणात गेलात म्हणे?" आणि खी खी खी. बायको मागे उभी राहून पदरात हसतेय. ही माणसं रोज सकाळी देवाला फुलं वाहतात.

१६ डिसेंबर, रविवार

रोगी जसा तपासते तशी गाडी तपासायची ठरवली. हा आठवडाभर रोज सकाळी उठून कंपाउंडमध्येच गाडी सावकाश पुढेमागे केली, आणि दवाखान्यातून जेवायला आले की पुन्हा. दुखणं पक्कं आहे. सकाळी पेडल ताठ, ब्रेक लागला तर लागला, आणि एकदा लागला की सुटता सुटत नाही. दुपारी सगळं ठीक. मलेरियासारखं ठरल्या वेळी येतं आणि उतरतं. धाकू गॅरेज उघडतो उशिरा, त्यामुळे त्याला हे कधी दिसणारच नाही.

पण कारण काय? रात्री कोणी काही करतं का? गुप्त्याची मजल तिथवर जाईल असं वाटत नाही, त्याला थुंकण्याखेरीज काही येत नाही. मला धाकूचाच संशय येतो. काहीतरी अर्धवट ठेवलं असणार मेल्याने, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येतं.

दादाला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "तू असं कर सुहास, सकाळी गाडी काढूच नकोस. आणि दिवसा उन्हात उभी करत जा." आता उन्हाने ब्रेकचं काय कल्याण होणार! पण काळजीपोटी माणूस काहीही बोलतो. वर हेही म्हणाला की माझी झोप पुरी होत नाही, थोडे दिवस गाडी बंद ठेवावी. मी म्हटलं, दादा, नाहूरच्या जानकीचे दिवस भरलेत. मूल आडवं आहे. बोलावणं आलं की मला निघायलाच हवं.

तो उठून आत गेला.

२२ डिसेंबर, शनिवार

जानकीचा मुलगा गेला.

उजाडायच्या आधी तिचा नवरा सायकल हाणत आला. मी त्याला म्हटलं, तू हो पुढे, मी तुझ्या आधी पोचते. अर्ध्या वाटेपर्यंत गाडी जड जड चालली. मग रेल्वेच्या फाटकापाशी एकदा ब्रेक लावला, तो सुटलाच नाही. गाडी जागच्या जागी कण्हायला लागली, चाकातून करपल्याचा वास. पेडलखाली बूट घालून वर उचललं, लाथा मारल्या. काही नाही. बॅग घेतली आणि शेतांतून पळत सुटले.

पोचले तर नवरा दारात उभा. आत जानकी, आणि कोपऱ्यात कापडात ते. सुईणीने ओढून काढलं होतं. मी उलटं धरलं, थोपटलं, तोंडाने श्वास दिला. अंगात ऊब होती अजून. थोडीच आधी पोचले असते तर.

जानकीला वाचवलं. तिची सासू मला शिव्या देईल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बाये, उशीर झालो." आणि मला पिढं दिलं बसायला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ डिसेंबर, रविवार

दादा दिवसभर बाहेर, जेवायलाही आला नाही. माझा चेहरा त्याला बघवत नसेल. गुप्ते आमच्या वहिनीला सांगत होता, "बायकांच्या हाती यंत्र दिलं की असं होतं." स्वयंपाकघरात बसून मी ते ऐकलं आणि पुढ्यातलं ताट सरकवून उठले.

२६ डिसेंबर, बुधवार

आज धाकूच्या गॅरेजात जाऊन त्याला नाही नाही ते बोलले. गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर. म्हटलं, तुझ्या अर्धवट कामाने एक पोर मेलं, या माणसाकडे कुणी गाडी टाकू नका. दोघांनी तिथल्या तिथे गाड्या काढून नेल्या.  दादा माझ्यासोबत आला होता, त्याने मध्ये तोंड घातलं नाही ते बरं केलं.

गाडी विकायचं ठरलं. दादानेच गिऱ्हाईक आणलंय, ठाण्याचा कुणी तरुण, लग्न ठरलेलं आहे, बायकोला फिरवायला हवी. दादा म्हणतो, रविवारी दुपारी बोलावलंय, उन्हाची वेळच बरी. मी हो म्हटलं. पहाटेच्या पेशंटांचं काय करायचं ते मला माहीत नाही. सगळ्याचा उबग आलाय. स्वतःचाही.

३० डिसेंबर, रविवार

सकाळी जाग आली ती एका विचाराने. त्या ठाण्याच्या मुलाला मी काय सांगणार? गाडी छान आहे? शेजारी बसणारी ती पोरगी कोण, कुठली! रोग माहीत नसलेला रोगी दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा, हे माझ्याने होणार नाही. निदान दुखणं तरी सांगून विकीन म्हणून खाली गेले.

धाकूने, दादाने, सगळ्यांनी ही गाडी उघडली ती दुपारी. सकाळी कुणीच नाही. मी पायाखालची फळी उचलली, ब्रेकच्या ऑइलच्या भांड्याचं बूच फिरवलं आणि बॅटरी मारली.

आत पांढरं. तुपासारखं थिजलेलं, रवाळ. आधी वाटलं, बुरशी. बोटाने काढलं, तर बोटावर पाघळायला लागलं. नाकाशी नेलं.

माका आणि कापूर.

तशीच बोट धरून वर गेले. वहिनी चहा गाळत होती. तिच्या नाकाखाली बोट धरलं. ती हसली, "अगो, माझं तेल!" आणि मग माझ्याकडे बघून तिचं हसणं गेलं. दादा दाढी करत होता. आरशातून त्याने माझं बोट बघितलं. विचारावं लागलंच नाही.

दुकानात तो गेलाच नव्हता. ऑफिस सुटल्यावर मित्रांबरोबर पत्त्यांत बसला, विसरला. मग माझ्यासमोर कुठल्या तोंडाने सांगायचं? ऑफिसातला कुणी म्हणाला होता की ते ऑइल एरंडेलाचंच करतात. "मग म्हटलं सुहास, एरंडेल चालतं तर आपलं घाण्याचं शुद्ध खोबरेल का नाही चालणार?" खोबरेल थंडीत गोठतं हे वेंगुर्ल्याच्या माणसाला कुणी सांगायला हवं काय! पण एकदा त्या भांड्यात ओतलं की ते तेल नाही, यंत्राचं ऑइल झालं, असं त्याच्या डोक्यात बसलं असणार. इथवर मी समजू शकते. मूर्खपणा मी रोज बघते.

मी विचारलं, "तुला कळलं कधी?"

"थंडी पडली तेव्हा. मोरीतली बाटली गोठली ना."

"म्हणजे कधी, दादा?"

अर्ध्या गालावर साबण तसाच. "तू शेणात गेलीस, त्या दिवशी."

म्हणजे जानकीच्या आधी. उन्हात उभी कर, सकाळी काढू नकोस, हे सगळं माहीत असून. धाकूला मी फाडून खात होते तेव्हा शेजारी उभा राहून.  मोरीत जाऊन ते बोट साबणाने घासत बसले.

ठाण्याच्या मुलाला निरोप पाठवला, गाडी विकायची नाही.

३१ डिसेंबर, सोमवार

दादा रडला. लहान मुलासारखा हुंदके देऊन. आई गेली तेव्हाही मी त्याला असा बघितला नव्हता. "हिंमत झाली नाही गं. सगळे हसले असते." वहिनी माझे हात धरून म्हणाली, "वन्सं, चारचौघांत त्यांची अब्रू घेऊ नका." मी म्हटलं, मी काही बोलणार नाही. तोच बोलेल. धाकूला, बिल्डिंगमध्ये, जानकीच्या घरी.

"सांगेन. तुझ्या गळ्याची शपथ, सांगेन," दादा म्हणाला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. चीड गेली नाही, पण आतून थोडी सैल झाले. शेवटी माझाच भाऊ. माणूस घाबरतो आणि घाबरला की घाण करून ठेवतो. बोलला तर मी त्याला माफ करीन.

३ जानेवारी १९५७, गुरुवार

ऑपेरा हाउसला स्वतः गेले. दुकानदाराने फळीवरून डबा काढला, फडक्याने पुसला, दिला. एवढंच काम होतं.

धाकूकडे गेले, माफी मागितली. तो म्हणाला, "चार माणसांत शिव्या दिल्यात, आता माफी एकट्याक कित्याक मागतास?" बरोबर होतं. त्याची गिऱ्हाइकं यायची वाट बघत थांबले आणि चार माणसांत मागितली. चूक घरातलीच होती म्हटलं, कुणाची ते नाही सांगितलं. ते दादाचं काम. मग त्याने ब्रेकच्या आतल्या रबरी वाट्या काढून दाखवल्या. खोबरेल पिऊन फुगल्या होत्या, बुळबुळीत, बघवेनात. नव्या घातल्या, नळ्या धुतल्या. नवं ऑइल भरून दिलं, आणि तीन-चार दिवसांनी हवा पुन्हा एकदा काढा म्हणाला. कशी काढायची ते मी शिकून घेतलं. यापुढे या गाडीच्या पोटात काय जातं ते मी बघणार.

दादा अजून कुणाशी बोललेला नाही. रविवारी सगळे घरी असतात, तेव्हा सांगतो म्हणाला.

६ जानेवारी, रविवार

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली पडून चाकामागचा स्क्रू सैल करायचा, घट्ट करायचा. दादाला वर बसवलं आणि मी गोणपाट टाकून गाडीखाली गेले. दाब म्हटलं की त्याने दाबायचं, सोड म्हटलं की सोडायचं. चांगलं चाललं होतं. मला बरंसुद्धा वाटत होतं, खरं सांगते.

मग गुप्त्याच्या चपला आल्या. त्यांच्या मागे आणखी दोन-चार पाय. "काय जयवंतराव, काय झालं होतं अखेर गाडीला?"

मी स्क्रूवरचा हात थांबवला. म्हटलं, आता बोलतोय.

"काय सांगू गुप्ते," दादा म्हणाला. "डॉक्टर झाली तरी बाईमाणूस. ब्रेकच्या ऑइलऐवजी खोबरेल ओतून ठेवलं हिने!"

केवढे हसले सगळे. गुप्त्याला तर ठसका लागला. आणि त्या हसण्यात दादाचं हसणं होतं, मोकळं, सुटल्यासारखं. माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर त्याचा पाय पेडलवर होता.

मी म्हटलं, "दाब."

त्याने दाबलं. बुडबुडे आले.

"सोड."

उरलेली चाकं पुरी केली. एकही टाकलं नाही. मग बाहेर आले, हात पुसले, दादाला म्हटलं, "सरक शेजारी. नाहूरला जायचंय." त्याचा चेहरा उतरला. पण गुप्ते बघत होता, त्यामुळे नाही म्हणता येईना.

वाटेत तो एकदाच बोलला, "सुहास, तिथे नको."  शेजारी बसलेल्या त्याच्या अंगाचा वाससुद्धा मला सोसवेना. जानकीच्या दारात ब्रेक लावला. गाडी हवी तिथे थांबली.

जानकी आत झोपलेली. तिची सासू लगबगीने बाहेर आली. दादाला बघून म्हणाली, "भाव काय गे तुजो? बहिणीवांगडा इलो, बरा केल्यान." पिढं दिलं, फुलपात्र भरून पाणी दिलं. दादा बसला. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि थांबले. त्याने पाणी प्यायला सुरुवात केली. मुलाचं वाईट झालं म्हणाला. देवाची मर्जी म्हणाला. पुन्हा एक घोट घेतला.

मग मीच बोलले. सगळं. ब्रेकमध्ये काय ओतलं, कुणी ओतलं, त्याला कधी कळलं, आणि कळूनसुद्धा मला त्याच गाडीतून तुमच्याकडे येऊ दिलं. आवाज चढवला नाही.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग वाकली आणि दादाच्या हातातलं फुलपात्र काढून घेतलं. अर्धं पाणी त्यात अजून होतं, ते तिने अंगणात ओतलं आणि आत गेली.

मी गाडीत बसले. दादा मागोमाग आला, दाराला हात घातला. मी आतून कडी लावली होती.

"तू चालत ये," म्हटलं, आणि निघाले.